दुसऱ्या शाखेतून कलेच्या इतिहासाकडे



या मालेत आपण कधी लेण्यांकडे पाहिलं, कधी देवळांकडे, कधी चित्रांकडे. आज जरा उलटं करू. आज पाहणाऱ्यांकडे पाहू.

त्याला कारण घडलं ते असं. मागचं व्याख्यान संपलं, खुर्च्या आवरल्या जात होत्या, आणि एक मुलगी थांबली. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर, तीन वर्षं पुलांच्या आराखड्यांचं काम केलेली. म्हणाली, "सर, मला कलेचा इतिहास शिकायचाय. पण माझी शाखाच वेगळी. चित्र काढता येत नाही, संस्कृत येत नाही, इतिहास दहावीला सुटला तो सुटलाच. घरचे म्हणतात चांगलं चाललंय ते सोडून हे काय? आणि त्या विषयातले लोक म्हणतील, ही कुठून आली मध्येच? मला जमेल का?"

आम्ही घाईत "जमेल, जमेल" म्हणून मोकळे झालो. घरी जाताना मात्र वाटलं, ते काही उत्तर नव्हे, ती नुसती सदिच्छा झाली. खरं उत्तर इतिहासाकडूनच घ्यायला हवं. याआधी दुसऱ्या शाखेतून जे जे या विषयात आले, त्यांचं काय झालं? त्यांना काय साधलं, ते कुठे चुकले, आणि का? आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

पहिली गोष्ट अशी की कलेचा इतिहास हा विषय म्हणून विद्यापीठांत आला तोच मुळी उशिरा, एकोणिसाव्या शतकात, आणि प्रामुख्यानं जर्मन भाषिक देशांत. त्याआधी ज्यांनी हा विषय उभा केला, ते सगळे कुठून ना कुठून आलेले. योहान विंकेलमान हा चांभाराचा मुलगा. शिकला ईश्वरशास्त्र, काही काळ वैद्यक, आणि पोटासाठी झाला ग्रंथपाल. त्याचा प्राचीन कलेचा इतिहास १७६४ साली प्रसिद्ध झाला आणि 'कलाकारांची चरित्रं' याऐवजी 'शैलीचा इतिहास' ही कल्पना युरोपात रुजली.

शंभर वर्षांनी इटलीत जोव्हानी मोरेल्ली आला. तो शिकलेला वैद्यक, विशेष गोडी तुलनात्मक शरीररचनेची. जुनी चित्रं कोणाची हे ठरवताना सगळे चेहऱ्याचे भाव बघत, एकूण रचना बघत. मोरेल्ली म्हणाला, कानाची पाळी बघा, नखं बघा, बोटांची ठेवण बघा. कारण मुख्य गोष्टींत चित्रकार सावध असतो, नक्कल करणाराही सावध असतो. हात सवयीनं चालतो तो अशा दुर्लक्षित जागी. १८७४ पासून त्यानं हे लेख एका रशियन टोपणनावानं प्रसिद्ध केले. ड्रेस्डेनच्या संग्रहात 'कुणीतरी केलेली नक्कल' म्हणून नोंदलेली निद्रिस्त व्हीनस ही मूळ जोर्जोनेची आहे, हे त्यानं ओळखलं. आता बघा, कानाची पाळी काही मोरेल्लीनं शोधून काढलेली नव्हती. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण 'तिच्याकडे बघावं' हा प्रश्न वैद्यकातून आला.

हे सूत्र लक्षात ठेवा. बाहेरचा माणूस सोबत नवी माहिती आणत नाही. तो प्रश्न आणतो.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय वास्तुकलेचा पहिला सलग इतिहास लिहिणारा जेम्स फर्ग्युसन हा निळीचा व्यापारी. स्कॉटलंडहून कलकत्त्याला आला तो घरच्या पेढीत काम करायला. निळीच्या धंद्यात पैसा मिळवला आणि मग देशभर हिंडून देवळं-लेणी पाहिली, मोजली, रेखाटली. १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यानं लेण्यांवर निबंध वाचला. त्यातून पुढे हालचाल झाली आणि मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवण्यात आलं. गिलनं आयुष्याची किती तरी वर्षं तिथे घातली. त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ती कहाणी वेगळी आणि दुःखाची आहे.

फर्ग्युसनला संस्कृत येत नव्हतं. पण त्यानं त्या उणिवेतूनच एक पद्धत काढली. इमारत हाच दस्तऐवज, असं तो मानायचा. दगडाच्या लेण्यांत लाकडी इमारतीच्या खुणा त्याला स्पष्ट दिसल्या: तुळया, वासे, कमानी. लाकडातलं बांधकाम आधीचं आणि दगडातलं नंतरचं, हे त्याचं निरीक्षण आजही मोठ्या अंशी टिकून आहे. १८७६ साली त्याचा भारतीय आणि पौर्वात्य वास्तुकलेचा इतिहास आला आणि पुढच्या दोन पिढ्या त्याच्याच वर्गीकरणावर चालल्या.

पण हाच फर्ग्युसन घसरला कुठे? शैलीवरून त्यानं वंश ठरवले. अमुक घडण अमुक वंशाची, कला चांगली असेल तर वंश चांगला, कला उतरली म्हणजे वंश उतरला. दगडात बांधण्याची प्रेरणाही इथल्या लोकांना ग्रीकांच्या संपर्कातून मिळाली, असं तो मानत असे. बंगालमध्ये राजेंद्रलाल मित्र यांनी याला विरोध केला, तेव्हा १८८४ साली फर्ग्युसननं त्यांच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते वाचताना आजही मान खाली जाते. दगडात लाकूड दिसलं, हे डोळ्यांनी सांगितलं होतं. 'म्हणून या लोकांना दगडकाम स्वतःहून सुचणार नाही', हे डोळ्यांनी सांगितलं नव्हतं. ते तो घरून घेऊन आला होता.

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा कणा इथे आहे. बाहेरून आलेला माणूस दोन गोष्टी घेऊन येतो, प्रश्न आणि उत्तर. प्रश्नानं विषय पुढे जातो. घरून आणलेल्या उत्तरानं विषय बिघडतो. आणि गंमत म्हणा किंवा दैवगती म्हणा, दोन्ही एकाच पिशवीतून येतात.

आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. डॉक्टर भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, महारोगावर औषध शोधण्यासाठी धडपडलेले. रुग्ण, शाळा, सभा हे सगळं सांभाळून १८६० च्या दशकात ते अजिंठ्याला गेले आणि तिथल्या शिलालेखांचं वाचन त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यातला लेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आहे. आज आपण 'वाकाटककालीन अजिंठा' असं सहज म्हणतो ना, त्याच्या पायाशी या लेखाचं वाचन आहे.

भाऊ दाजींचं वाचन जसंच्या तसं टिकलं का? नाही. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले भगवानलाल इंद्रजी, मग ब्यूलर, मग आपले वासुदेव विष्णु मिराशी, या सगळ्यांनी तो लेख पुन्हा पुन्हा तपासला, अक्षरं दुरुस्त केली, वंशावळ दुरुस्त केली. पण दुरुस्त करता आलं, कारण भाऊ दाजींनी काय पाहिलं ते नीट नोंदवून ठेवलं होतं. आम्हाला यात वैद्याची शिस्त दिसते. निदान पुढे बदलू शकतं, पण लक्षणांची नोंद चोख हवी. आणि भगवानलालांचं म्हणाल तर, जुनागढहून आलेला हा माणूस, पदवी कुठलीच नाही. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठानं त्यांना सन्मानानं डॉक्टरेट दिली. म्हणजे 'माझी शाखा वेगळी' हे दुःख तरी आपल्याजवळ आहे; त्यांच्याजवळ शाखाच नव्हती.

आता आनंद कुमारस्वामी. भारतीय कलेविषयी वाचणाऱ्याला हे नाव टाळता येत नाही. पण ते मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ, हे अनेकांना ठाऊक नसतं. जन्म १८७७, कोलंबो. शिक्षण इंग्लंडात, लंडन विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट. श्रीलंकेच्या खनिज सर्वेक्षणाचे ते प्रमुख होते, थोरियनाइट हे खनिज त्यांनी शोधलेलं. खनिजांसाठी गावोगाव हिंडताना त्यांना तिथले कारागीर भेटले: सोनार, कुंभार, चितारी, विणकर. हातातली कला मरते आहे हे त्यांनी पाहिलं. १९०८ साली मध्ययुगीन सिंहली कलेवरचं त्यांचं पुस्तक आलं, त्यात ग्रंथांइतकंच कारागिरांच्या कामाचं, हत्यारांचं, रीतीचं वर्णन आहे. खडकांचा सर्वेक्षक जसा ठिकाणावर जाऊन नमुना हातात घेतो, तसं त्यांनी कलेच्या बाबतीत केलं.

पण घरची सवय त्यांनाही चिकटलेली होती, असं आम्हाला वाटतं. १९१६ साली 'राजपूत चित्रकला' हा त्यांचा ग्रंथ आला. त्याआधी भारतीय लघुचित्रं सरसकट मोगल किंवा पर्शियन म्हणून गणली जात. कुमारस्वामींनी राजस्थानी आणि पहाडी चित्रांना त्यांचं नाव मिळवून दिलं, हे उपकार मोठे. मात्र ते करताना त्यांनी दोन थर फार कडक पाडले: मोगल चित्र म्हणजे दरबारी, व्यक्तींचं, ऐहिक, राजपूत चित्र म्हणजे धार्मिक, लोकांचं. खडकात थर असे वेगळे निघतात. माणसांत निघत नाहीत. चित्रकार एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात होते, घरात शिकत होते, एकमेकांचं उचलत होते. पुढच्या अभ्यासकांना ही भिंत पाडावी लागली.

आणखी एक सांगायला हवं. कुमारस्वामींनी किंमत मोजली. १९१७ साली ते बोस्टनच्या कलासंग्रहालयात गेले आणि उरलेली तीस वर्षं, १९४७ ला जाईपर्यंत, तिथेच काम केलं. पाली, संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांतले ग्रंथ मुळातून वाचण्याइतकी तयारी केली. भूगर्भशास्त्राची डॉक्टरेट आहे, आता यापुढे माझं मत ऐका, असं ते म्हणाले नाहीत. आपल्या पुण्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी असेच. गणिती माणूस. चलनात फिरून झिजलेल्या जुन्या नाण्यांची वजनं हजारोंनी केली आणि त्या झिजेतून काळाचा हिशेब मांडला. पण त्याच माणसानं भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती १९४८ साली काढली. बाहेरचा म्हणून सवलत दोघांनीही मागितली नाही.

ती भिंत पाडणाऱ्यांत एक नाव आहे ब्रजेंद्रनाथ गोस्वामींचं. ते सनदी सेवेत होते. दोन वर्षांत सोडली आणि इतिहासात संशोधन करायला आले. १९६१ साली कांगडा खोऱ्यातल्या चित्रकलेच्या सामाजिक पार्श्वभूमीवर पंजाब विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. तोवर पहाडी चित्रांची नावं संस्थानांवरून पडत: बसोहली, गुलेर, कांगडा. जणू प्रत्येक राजाची एक शैली. गोस्वामींचा प्रश्न साधा होता, पण तो इतिहासाच्या विद्यार्थ्याचा होता: चित्रकार कोण होते? त्यांचे बाप कोण, मुलं कोण, आणि ही माहिती कुठे लिहिलेली सापडेल?

दरबारी कागदांत फारसं मिळेना. मग ते गेले हरिद्वारला, पंड्यांच्या वह्यांकडे. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात ना, गावावरून आणि आडनावावरून आपल्या पणजोबांची सही काढून दाखवतात, तसल्याच वह्या. अस्थी घेऊन आलेला चित्रकारही तिथे आपलं नाव, गाव, वडील, आजोबा लिहून जाई. नैनसुख या थोर चित्रकाराची नोंद तिथे मिळाली, आणि तीही त्याच्या हातच्या रेखाटनासह. या सगळ्यातून गोस्वामींनी १९६८ साली 'मार्ग' या मुंबईच्या नियतकालिकात मांडलं की पहाडी शैलीचा आधार संस्थान नसून घराणं आहे. सेऊ, त्याची मुलं मानकू आणि नैनसुख, त्यांची मुलं. शैली चालते ती या घरातून. जाता जाता सांगतो, 'मार्ग' सुरू करणारे मुल्कराज आनंद हे कादंबरीकार, आणि डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली.

पण गोस्वामी वहीवर थांबले असते तर ती नुसती वंशावळ झाली असती. वहीतली घराणी आणि चित्रांतला हात जुळतो का, हे त्यांना चित्रांसमोर बसून पाहावं लागलं. आयुष्यभर ते भिंग घेऊन चित्र पाहत राहिले. वहीनं प्रश्न दिला. उत्तर चित्राकडून घ्यायचं होतं.

आता तत्त्वज्ञानाकडून येणाऱ्यांचं काय होतं, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आम्ही फक्त दुसऱ्यांच्या चुका मोजतोय असं व्हायचं. आम्ही तरुणपणी घारापुरीला गेलो. डॉक्टरेट नुकतीच हातात आली होती. मुख्य लेण्यात मागच्या भिंतीत ती प्रचंड तीन मुखांची मूर्ती आहे, पाच मीटरांहून उंच. लोक तिला त्रिमूर्ती म्हणत आले. आम्ही तिच्यासमोर उभे राहून सोबतच्या मंडळींना उत्पत्ती, स्थिती, लय यावर चांगली वीस मिनिटं ऐकवली. मधलं मुख विष्णूचं, स्थितीचं, वगैरे. आमच्याबरोबर शिलालेखांचे एक ज्येष्ठ अभ्यासक होते. ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "छान बोललात. आता सांगा, डाव्या अंगाच्या मुखाजवळच्या हातात काय आहे?"

आम्ही पाहिलंच नव्हतं! तिथे साप आहे. त्या मुखाला मिशा आहेत, भुवया चढलेल्या आहेत. ते शिवाचं उग्र रूप, अघोर किंवा भैरव. आपल्या उजव्या अंगाला सौम्य, स्त्रीचं वाटावं असं मुख, हाताशी कमळ. ते वामदेवाचं किंवा उमेचं. मधलं मुख ध्यानस्थ. ब्रह्मा आणि विष्णू यात नाहीतच. ही सगळी एका शिवाचीच मुखं, ही सदाशिवाची मूर्ती. म्हणजे मूर्ती सांगत होती की उग्र आणि सौम्य हे वेगवेगळे देव नव्हेत, एकाच तत्त्वाच्या बाजू आहेत. आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, नेमकं तेच तिला बोलू देत नव्हतो. कल्पना आमच्या डोक्यात आधीच तयार होती, मूर्ती फक्त तिचं चित्र म्हणून हवी होती.

त्या दिवशी लाज वाटली, पण धडा मिळाला. तत्त्वज्ञानाच्या माणसाचा हा खास रोग आहे. त्याला प्रत्येक मूर्तीत सिद्धान्त दिसतो आणि मूर्ती दिसत नाही. हेगेलच्या मागून गेलेल्या अनेकांना प्रत्येक चित्रात 'युगाचा आत्मा' दिसू लागला. आपण ठेवलेलं आपल्यालाच सापडलं, यात नवल ते काय?

अभियांत्रिकीच्या माणसाचा रोग वेगळा, आणि आजकाल तो मोबाइलवरून पसरतो. वेरूळच्या कैलासाविषयीचे संदेश आपल्या सगळ्यांना येतात. इतके लाख टन दगड, इतकी वर्षं, भागाकार करा, मिनिटाला इतके किलो, म्हणजे हे माणसाचं काम नव्हेच! पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेले तंत्रज्ञ कमी नसतात. गणित बरोबर असेलही, पण त्यातले आकडे कुठून आले हे कोणी विचारत नाही. आणि लेण्याकडे कोणी बघत नाही. तिथे छिन्नीचे घाव आहेत, अर्धवट राहिलेले भाग आहेत. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी कैलासाचं नातं आराखड्यातच दिसतं, म्हणजे ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. वडोद्याच्या, इ.स. ८१२-१३ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट कृष्णराजानं एलापूरला देऊळ करवल्याचा उल्लेख आहे, आणि ते पाहून खुद्द घडवणाऱ्यालाच नवल वाटलं, असं त्यात म्हटलंय. बघा, विस्मय त्यांनाही होता. पण त्यांचा विस्मय कारागिरापाशी जातो. आपला विस्मय कारागिराला पुसून टाकतो. कुणाच्या तरी पिढ्यांचे हात गेले त्या दगडात, आणि आपण भागाकार करून ते हात नाहीतच म्हणायचं, हा अन्याय आहे.

मग त्या मुलीनं अभियांत्रिकी विसरायची का? मुळीच नाही. तिनं कार्ल्याला जावं. चैत्यगृहात उभं राहावं आणि वर बघावं. छताला लाकडी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. आता तिच्या शिक्षणातला प्रश्न तिनं विचारावा: या कमानी कशाचा भार घेतात? कशाचाच नाही. छत म्हणजे डोंगरच आहे, अखंड खडक. तसेच खांबही. हे बांधकाम नाही, हे कोरकाम आहे. इथे भार आधीच पेललेला आहे. मग ज्यांना गरज नव्हती त्यांनी इतक्या मेहनतीनं लाकडी कमानी का बसवल्या? हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला सहजी सुचणार नाही, पूल बांधणाऱ्याला सुचेल. उत्तर मात्र भाराच्या गणितात मिळणार नाही. ते मिळेल चैत्य म्हणजे काय, भिक्षूंना आणि दात्यांना कसलं घर ओळखीचं होतं, यात. आणि त्याच लेण्यात एक लेख आहे, धेनुकाकट इथल्या सामी नावाच्या सुतारानं दर्शनी दाराचं काम केल्याचा. दगडाच्या लेण्यात सुतार! आता प्रश्न आणखी पुढे गेला की नाही?

वॉल्टर स्पिंक हे मिशिगनचे प्राध्यापक, अजिंठ्यावर आयुष्य घातलेले. त्यांनी कालक्रम लावताना खोल्यांची दारं फिरण्यासाठी दगडात केलेल्या खाचा कशा बदलत गेल्या, याचा पुरावा वापरला. त्यांचा कालक्रम सगळ्यांना मान्य नाही, वाद चालू आहे. पण दाराच्या खाचेकडे बघणं, हे काम अभियंत्यानं का करू नये?

वाणिज्य शाखेची मंडळी आज इथे बसली असतील, तर त्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख वाचावा. क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्यानं ३००० कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दरानं. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज. २००० वरचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा, म्हणजे बरोबर २४०. हिशेब चोख जुळतो. आम्ही हा लेख कित्येकदा वाचला होता, पण हा गुणाकार आम्हाला दाखवला तो बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. आम्ही दानाची भावना शोधत होतो. त्यांनी विचारलं, पैसे पुरतात का?

तर आता थोडं व्यवहाराचं. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यानं काय करावं?

पहिलं, एक वस्तू निवडावी आणि तिच्याकडे पुन्हा पुन्हा जावं. एक लेणं, एक देऊळ, संग्रहालयातली एक मूर्ती. पुस्तक उघडण्याआधी, दिसतं ते मराठीत लिहून काढावं. किती हात, हातात काय, पाय कसे, कुठे तुटलंय. अर्थ नको, वर्णन. आम्ही घारापुरीला हेच केलं नव्हतं. येत नसलं तरी कागदावर रेखाटावंही. चित्र चांगलं येण्यासाठी नाही. हात फिरला की डोळा थांबतो, म्हणून.

दुसरं, एक लिपी आणि एक भाषा शिकावी. ब्राह्मीची ओळख काही आठवड्यांत होते. भाषेला वर्षं लागतात, लागू द्यावीत. ज्याला मूळ लेख वाचता येत नाही, त्यानं निदान आपण कोणाच्या वाचनावर उभे आहोत हे माहीत करून घ्यावं.

तिसरं, आपल्या आधी कोण काय म्हणालं आणि ते कुठे दुरुस्त झालं, हे वाचावं. हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं, आणि बाहेरून आलेले बहुतेक जण हेच टाळतात. मग शंभर वर्षांपूर्वी मांडून खोडलेलं मत त्यांना आपला नवा शोध वाटतं.

चौथं, आपली जुनी शाखा सोडू नये. तिचे प्रश्न जपावेत. फक्त तिची उत्तरं चपलांसारखी बाहेर काढून ठेवावीत. परत जाताना घालायला हरकत नाही.

आणि वर्ग, पदवी, प्रवेश? आपल्याकडे या विषयाची विद्यापीठीय केंद्रं मोजकीच आहेत. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात ललितकला शाखेत कलेच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वाच्या अंगानं या विषयात शिरता येतं. प्रवेशाचे नियम ज्यानं त्यानं तिथे विचारून घ्यावेत. नोकऱ्या थोड्या आहेत, हे आम्ही कुणापासून लपवणार नाही. घरची मंडळी काळजी करतात ती उगाच करत नाहीत. नोकरी न सोडता शनिवार-रविवार लेण्यांना देणं, हाही मानाचा मार्ग आहे. भाऊ दाजींचा दवाखाना चालूच होता.

राहता राहिला तिचा शेवटचा प्रश्न: "ही कुठून आली मध्येच, असं म्हणतील का?" म्हणतील. आज नावं घेतली त्यांतल्या अनेकांना तसं म्हणणारे भेटले असणार. त्यावर उपाय एकच. कोणी विचारलं, त्या हातात काय आहे, तर आपण ते पाहिलेलं असावं.

ती मुलगी आज आली आहे की नाही, या दिव्यांच्या उजेडात आम्हाला दिसत नाही. आली असेल तर तिला सांगतो: मागच्या वेळी 'जमेल' म्हणालो ते घाईत म्हणालो होतो. आज विचार करून म्हणतो. आधी कार्ल्याला जाऊन ये, वही घेऊन जा, आणि काय दिसलं ते आम्हाला येऊन सांग. त्या कमानींविषयी आमच्या मनातही काही शंका आहेत, आणि त्या सोडवायला आम्हाला एक अभियंता हवाच आहे.